चार चिंचोके

सकाळी साडेसहाला साल्मियात एकेचाळीस.
समुद्रावरून येतो तो वाराही
घाईने झाकण उघडलेल्या कुकरसारखा तोंडावर येतो,
आणि डॉक्टर अन्नम्मा म्हणते, चाला.
तीन महिन्यांची साखर साडेआठ.
चाला, नाहीतर गोळी वाढवते.

म्हणून मी मॉलमध्ये चालते.
दुकानं बंद. एखादं शटर गुडघ्याएवढं वर,
आत फरशी पुसणाऱ्याचे नुसते पाय दिसतात.
सरकते जिने थांबवलेले.
थांबलेला सरकता जिना चढताना
पहिल्या पायरीला दर वेळी तोल जातो.
पायांना अजून वाटतं, कुणीतरी नेईल.

बावीस वर्षं नेलंच की.
लिफ्टने, गाडीने, कंपनीच्या बसने,
टेबलापासून प्रिंटरपर्यंत खुर्चीच्या चाकांनी.
आचऱ्याला आमची विहीर बेचाळीस पायऱ्या खाली होती.
तिथे व्यायाम हा शब्द
शाळेच्या वेळापत्रकात राहायचा,
शुक्रवारी शेवटचा तास, आणि तोही
बाई गणिताला घ्यायच्या.

डाव्या खिशात चार चिंचोके.
एक फेरी झाली की एक उजव्या खिशात.
मोबाईल मोजतो पावलं, पण तो
भाजी चिरतानाचीही मोजतो, लबाड.
माझ्या पुढे उम्म जाबेर, काळ्या अबायाखाली
शाळकरी पोरासारखे पांढरेशुभ्र बूट.
तिच्या हातात मणी सरकत असतात;
ती फेऱ्या मोजते की देवाची नावं,
विचारलं नाही. वेग मात्र माझ्याहून जास्त.

मे महिन्यात एक चिंचोका पडला, घड्याळांच्या दुकानापाशी.
पहाऱ्यावरचा खिमानंद तो घेऊन धावत आला.
धावत म्हणजे, लंगडत.
दीदी, ये क्या दवाई है?
मी सांगितलं. तो हसला.
त्याच्या पाल्पातही पोरं चिंचोक्यांनी खेळायची म्हणे.

तो बारा तास उभा असतो.
खुर्ची ठेवलेली नाही, कारण खुर्ची बरी दिसत नाही.
एकदा बुटाची नाडी सैल करताना पाहिलं,
मोज्याच्या कडेने पायात खोल चर पडलेला,
कणकेला दोरा आवळावा तसा.
मला बसवून बसवून बिघडवलं,
याला उभं करून.
आणि पगार दोघांनाही, वेगवेगळा, त्याचाच.

मला फिजिओवालीने शिकवलं होतं ते
मी कठड्याला धरून त्याला दाखवलं.
टाचा उचला. थांबा. सोडा.
पोटऱ्या रक्त वर ढकलतात, पंपासारख्या.
तो वर कॅमेऱ्याकडे बघून पुटपुटला, नोकरी जाएगी.
अरे, कॅमेऱ्याला काय दिसणार?
एक माणूस दोन इंच उंच होतो,
पुन्हा होता तेवढा.

दुसऱ्या दिवशी तो हलला नाही.
तिसऱ्याही नाही.
मीही विषय काढला नाही; शहाणपण सांगून
घरी एसीत जाणाऱ्या बाईने
किती बोलावं, याला माप असतं.

मग धुळीचं वादळ आलं, काचेचं छत पिवळं पडलं,
उम्म जाबेर आली नाही, मॉलभर मी एकटी.
तिसऱ्या फेरीला वळणावरून पाहिलं:
सुटाबुटातल्या पुतळ्याशेजारी
खाकी टोपी वर गेली.
खाली आली.
वर गेली.
चेहरा सरळ, डोळे दारावर, कामात कसूर नाही.
ओठ मात्र हलत होते. तो मोजत होता, नेपाळीत.

जुलैत साखर सात पूर्णांक नऊ.
अन्नम्मा म्हणाली, ठीक, गोळी तीच, चाला.
मी खिमानंदला आकडा सांगितला.
त्याने तो परीक्षेचा निकाल असल्यासारखा ऐकला
आणि स्वतःचा सांगितला: सत्तर. दिवसाला सात वेळा दहा.
लंगडतो अजून. नाडी अजून सैल करावी लागते.
खुर्ची आलेली नाही.

कालपासून त्याच्याही खिशात
माझे दोन चिंचोके आहेत.